परत आलेलं हिरवं लुगडं

वाशीचं घर सोडून आम्ही करंजाड्याला राहायला आलो तेव्हा टेम्पोवाल्याने एक ट्रंक उचलताना विचारलं होतं, "वहिनी, यात लोखंड भरलंय का?" लोखंड नव्हतं. माझ्या साड्या होत्या.

वाशीच्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मी हिशेबाचं काम करायचे. उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. रोज साडी, रोज इस्त्रीची. आजूबाजूला गोण्या, धूळ, हमालांची ये-जा, आणि त्यात आम्ही बायका मात्र कडक कॉटन नेसून बसलेल्या. गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला तेव्हा नोकरी सोडली आणि ड्रेस घालायला लागले. मुलगी पुण्याला असते. तिला साडी म्हणजे लग्नापुरती. नव्या घरात कपाटं कमी पडायला लागली तेव्हा तीच फोनवर म्हणाली, "आई, वीक ना ऑनलाइन. जुन्या साड्यांना फार मागणी आहे."

मला आधी कसंतरीच वाटलं. वापरलेली साडी देतात ती कामवाल्या मावशींना, नाहीतर नात्यातल्या कोणाला. तिची किंमत कशी करायची? पण मुलीने ॲप उतरवून दिलं, फोटो कसे काढायचे ते शिकवलं, आणि गच्चीच्या कठड्यावर टाकलेली माझी पहिली नारायणपेठ नाशिकच्या एका बाईंनी दुसऱ्याच दिवशी घेतली.

विकण्यात फारसं काही शिकण्यासारखं नव्हतं. शिकायला मिळालं ते परत आलेल्या साड्यांपासून.

सुरुवातीला मी प्रत्येक फोटोखाली ठसठशीत लिहायचे, 'विकलेली साडी परत घेतली जाणार नाही.' गाळ्यावर अशीच पाटी होती. पण गाळ्यावर गिऱ्हाईक माल हाताने चिवडून, नाकाला लावून घेतं. इथे बिचारी फोटो बघून पैसे पाठवते. नागपूरच्या एका शिक्षिकेने लिहिलं, "तुम्ही मोरपंखी म्हणालात, ही तर हिरवी आहे." मी चिडले. मग उरलेला एक ब्लाउजपीस काढून खिडकीत धरला, आणि फोटोशेजारी धरला. बाईंचं बरोबर होतं. संध्याकाळच्या उन्हाने फोटोत नसलेला निळा रंग आणला होता. मी साडी परत घेतली, दोन्ही वेळचं पोस्ट सोसलं. उलट ठाण्याच्या एकीने साडी हळदीला नेसून, पदरावर डाग पाडून, "आवडली नाही" म्हणून परत पाठवली. पिशवी उघडली तर अत्तराचा भपकारा आला.

अशा चारदोन प्रसंगांतून माझा एक नियम तयार झाला. चूक माझी असेल तर परतीचं पोस्ट माझं, तुमचं मन बदललं तर तुमचं. ऐकायला सोपा. पण चूक कोणाची हे कळायला साडी आधी हातात यावी लागते, आणि ती हातात यायला कोणीतरी आधी खर्च करावा लागतो. म्हणजे शेवटी गाडी विश्वासावरच येते. ज्याला बघितलेलं नाही, ज्याचा आवाजही ऐकलेला नाही, त्याच्यावर.

आमचे हे द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत, तेही परत आलेल्या मालाच्या विभागात. दिवसभर लोकांनी परत पाठवलेले खोके उघडायचे आणि आत काय निघतंय ते बघायचं, हे त्यांचं काम. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी निघते, नव्या बुटांच्या खोक्यात जुने बूट. त्यामुळे माझा हा विश्वासाचा धंदा त्यांना मुळीच पटत नसे. "अगं, माल हातात आल्याशिवाय पैसे सोडायचे नसतात," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "तुमचं गोदाम आहे. माझं काय, चार साड्या."

मग ती इरकल गेली. आमसुली रंग, लाल काठ, अस्सल टोपपदर. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातून एका मुलीने मागवली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, बँकेत नोकरीला. साडी पोचली त्या दिवशी तिचा फोन आला.

"ताई, साडी सुंदर आहे हो. पण निऱ्यांत आत एक रफू आहे. तुम्ही सांगितलं नव्हतं."

"रफू? माझ्या इरकलीला?"

तिने फोटो पाठवला. काठाच्या जरा वर, नखाएवढा. तो बघितल्यावर मला गाळ्यावरच्या लाकडी स्टुलाचा वर आलेला खिळा आठवला. रफूवाल्याने इतकं बेमालूम काम केलं होतं की मीच विसरून गेले होते.

"माझ्यासाठी असती तर ठेवली असती," ती म्हणाली. "पण सासूबाईंना द्यायची होती. त्यांना अजून सांगितलेलं नाही. पहिल्यांदाच त्यांच्यासाठी स्वतःहून काही घेतेय, आणि ते रफू केलेलं कसं देऊ? त्यांना वाटेल, सुनेनं कुठलं तरी उतरवलेलं आणलं."

"उतरवलेलंच आहे की," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. "पाठव परत. चूक माझी आहे, पोस्टही माझं."

दोन दिवसांनी तिने पोस्टाच्या पावतीचा फोटो पाठवला. मी तिथल्या तिथे साडीचे आणि पोस्टाचे पैसे पाठवून दिले. घरी यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

पार्सल आलं. मी दारातच फाडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं, त्यात पांढऱ्या धोतराचा तुकडा, आणि त्याच्या आत एक नऊवारी लुगडं. हिरवं, लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, एका बाजूला हळदीचा जुना डाग. माझी इरकल नव्हतीच.

डोक्यात अशी सणक गेली! मी ॲपवर तिला लिहिलं, "माझी साडी ठेवून घेऊन जुनं लुगडं पाठवायला लाज नाही वाटली?" उत्तर नाही. संध्याकाळी पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. फोन करणार होते, पण चोराला काय फोन करायचा, असं वाटून केला नाही. हे घरी आले, सोफ्यावरचं लुगडं बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडे असे रोज येतात. तू टेन्शन घेऊ नकोस, गेली ती गेली." त्यांना मला टोमणा मारायचा नव्हता, उलट समजूत काढायची होती. पण त्याने मी अजूनच चिडले.

दुसऱ्या दिवशी लुगडं कुठेतरी ठेवायचं म्हणून घडी घालायला घेतलं. तेव्हा धोतराच्या तुकड्यातून वेखंडाचं एक कांडं पडलं. मी ते हातात घेऊन बसून राहिले. कसर लागू नये म्हणून कोणीतरी ते मुद्दाम घातलं होतं. लुगड्याच्या घड्यासुद्धा काठावर काठ ठेवून घातलेल्या, वर्षानुवर्षं त्याच रेषेवर. ज्याला फसवायचं आहे तो फाटकी चादर कोंबतो. आपल्या घरातली सगळ्यात जपलेली वस्तू कोण पाठवतं? राग गेला नाही, पण त्याच्यात एक प्रश्न घुसला. मी लुगडं होतं तसंच बांधून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं.

त्यानंतर दोनएक दिवसांनी तिचा फोन आला. आवाज ओळखूच येईना, रडून घसा बसला होता.

"ताई, तुमच्याकडे एक हिरवं लुगडं आलंय का हो?"

"आलंय," मी म्हटलं. तिकडून नुसता श्वास सोडल्याचा आवाज आला आणि मग ती मोठ्याने रडायला लागली.

लुगडं तिच्या आईचं होतं. आई वारली होती, आणि भावाने तिच्या वाटणीला तेवढंच दिलं होतं. त्याची गोधडी शिवून घ्यायची म्हणून तिने ते बाहेर काढलं होतं. माझी इरकलही तशाच कागदात बांधून शेजारी ठेवली होती, आणि बाजूला माझा पत्ता लिहिलेली पिशवी. सकाळी बँकेत जाताना ती सासूला म्हणाली, तेवढं पुडकं पिशवीत घालून पोस्टात द्या. सासूबाईंनी दिलं. उरलेलं पुडकं तिने रविवारी न उघडताच गोधडीवाल्या मावशींकडे नेलं.

"मावशींनी कात्री घेऊन पुडकं सोडलं आणि म्हणाल्या, अगं, एवढी चांगली इरकल कापायची व्हय? तेव्हा कळलं मला."

पैसे परत मिळाल्यावर तिने ॲप काढून टाकलं होतं. माझे निरोप तिला मिळालेच नव्हते. तिने विचारलं, "तुम्ही काही लिहिलं होतं का?" मी म्हटलं, "चौकशी केली होती." त्यापलीकडे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

पण तिचं दुःख तेवढ्यावर थांबलेलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला वाटतं त्यांनी मुद्दाम पाठवलं. ते लुगडं मी जवळ घेऊन बसते ते त्यांना आवडत नाही. कालपासून आम्ही बोललेलो नाही."

 मी त्या घरात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. "पुडकी सारखी होती ना?" एवढंच मी विचारलं.

"सारखी होती," ती म्हणाली. "पण हाताला कळतं ना, ताई."

लुगडं परत पाठवायचा प्रश्न आला तेव्हा पोस्टात द्यायला माझा हात धजेना. पार्सल हरवतं, भिजतं, चुकीच्या दारात जातं. साडीचं नुकसान भरून देता येतं, याचं कसं देणार? मी तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्यांच्या भावकीतल्या एकाचा टेम्पो भाजी घेऊन वाशीच्या बाजारात येतो, त्याच्या हाती इरकल पाठवते, त्याच्याच हाती लुगडं द्याल का? मी हसले. माझं निम्मं आयुष्य त्या बाजारात गेलं होतं.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता मी आणि हे वाशीला पोचलो. सुट्टी टाकून हेही आले होते. त्यांच्या नोकरीत परत आलेल्या मालाचा मालक कधीच दिसत नाही, म्हणाले, एकदा बघू तरी. भाजीच्या गाळ्यांपुढे गाड्यांची रांग लागली होती, माथाडी "बाजू, बाजू" करत पाठीवर पोती नेत होते, पायाखाली कोबीच्या पानांचा चिखल. टेम्पोचा नंबर मिळाला. मी ड्रायव्हरला हाक मारणार तेवढ्यात केबिनचं दुसरं दार उघडलं आणि एक म्हातारी हळूहळू उलटी होऊन खाली उतरली. नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी.

माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीच का त्या साडीवाल्या?"

"हो. आपण?"

"म्या सासू."

रात्रभर टेम्पोत बसून आली होती. ड्रायव्हर म्हणाला, "काकू ऐकंनात. म्हनल्या, म्या घालवलंय, म्याच आननार."

मी लुगड्याचं पुडकं पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. आधी ड्रायव्हरकडून पाण्याची बाटली मागितली, हात धुतले, पदराला कोरडे केले आणि मग घेतलं. एका उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून गाठ सोडली, काठावरून बोट फिरवलं, वेखंडाचं कांडं सापडलं तेव्हा मान हलवली.

"जशाच्या तसं ठिवलंसा. लई उपकार झालं."

यांनी चहा आणला. तिने बशीत ओतून घेतला. दोन घोट घेतल्यावर आपण होऊनच म्हणाली, "सुनंला वाटतंय, म्या मुद्दाम धाडलं."

तिने बशी पुन्हा भरून घेतली.

"पुडक्यावर काय खूण न्हवती. दोन पुडकी हुती. हाताला आलं ते घातलं." एक घोट घेऊन ती म्हणाली, "पन खोटं कशाला बोलू? त्ये लुगडं घेऊन ती बसली की मला बरं वाटायचं न्हाई. वाटायचं, पाच वर्सं झाली घरात येऊन, पोरगी अजून आईलाच हुडकतीया. म्या काय कुनीच न्हाई का? पन म्हनून दुसऱ्याच्या आईचं लुगडं रस्त्याला लावीन व्हय म्या?"

तिने हे कोणाला तरी सांगायचंच म्हणून आणलं असावं. घरात सांगता येत नसेल. मलाही मग राहवलं नाही.

"आजी, तुम्हाला एक माहीत नाही. ही इरकल तिने तुमच्यासाठी घेतली होती."

"माझ्यासाठी?"

"हो. आत रफू निघाला म्हणून परत केली. म्हणाली, सासूबाईंना रफूची साडी कशी देऊ?"

म्हातारीने बशी खाली ठेवली. एक हमाल पोतं घेऊन अगदी जवळून गेला, तिचे पाय आडवे होते ते तिने ओढून घेतले, आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, "मला कुठं बोलली ती?"

"सांगणार होती ना तुम्हाला नंतर."

तिने कापडी पिशवीतून इरकल काढली. मला द्यायला म्हणून आणलेली, पण आता ती पहिल्यांदाच बघावी तशी उलगडून बघत होती. रफू शोधला, नखाने चाचपला. "झ्याक केलाय," म्हणाली.

"मग न्या ना ही तुम्हीच. पैशांचं आम्ही दोघी बघून घेऊ."

"न्हाई." तिने घडी घातली, त्या लुगड्यासारखीच, काठावर काठ. "तिनं परत केलीया न्हवं? माझ्या मानासाठी केली. आता म्या ती तशीच घिऊन गेले, तर तिनं ठिवलेला मान म्याच मोडला म्हनायचा. ही तुमची तुमास्नी."

 साडी मी घेतली. मग तिने कमरेची पिशवी सोडायला घेतली. पोस्टाचे पैसे द्यायचे होते तिला. मी म्हटलं, "राहू द्या, परतीचं पोस्ट माझंच, आधीच ठरलं होतं."

"असं कसं? त्या पोस्टातनं तर आमचं लुगडं आलं. तुमची साडी म्या टेंपोनं आनली. मग तुमचा खर्च कसला त्यात?"

आमचे हे मोठ्याने हसले. गोदामात कोणी असा हिशेब कधी मांडला नव्हता, असं नंतर म्हणाले. पैसे मी घेतले नाहीत, तेव्हा तिने ड्रायव्हरला सांगून टेम्पोतल्या पोत्यातून घेवड्याची एक मोठी पिशवी भरायला लावली. ती मात्र घ्यावी लागली. परतताना तिला केबिनमध्ये चढायला यांनी हात दिला. लुगडं तिने पिशवीत ठेवलं नाही, मांडीवर घेतलं.

त्या दिवशी मी दुपारभर घेवडा सोलत बसले. मनात सारखं येत होतं, त्या दिवशी मी ॲपवर जे लिहिलं ते तिला मिळालं असतं तर? ती आधीच घरात एकीवर संशय घेत होती, त्यात माझा तिच्यावरचा संशय. एकाच पुडक्याने मला तिच्याबद्दल आणि तिला सासूबद्दल वाईटच सुचवलं होतं. तिघींपैकी कोणीच काही लबाडी केलेली नव्हती.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. मी विचारलं, "पोचल्या का सासूबाई? काय म्हणाल्या?"

"काही नाही. लुगडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, हे कापू नकोस, गोधडीला माझी दोन जुनी देते." मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांना इरकलीचं सांगितलंत का?"

"सांगितलं. रागावलीस?"

"नाही. मला जमलं नसतं सांगायला."

इरकल मी पुन्हा ॲपवर टाकली. आता पहिला फोटो रफूचा, मग पदराचा. बरेच दिवस कोणी घेतली नाही. मग कोल्हापूरच्या एका बाईंनी घेतली. माझा नियम अजून तोच आहे. पैसेही मी अजून पावती बघूनच सोडते. यांनी त्यावर भुवया उंचावणं बंद केलंय असं नाही. एकदोघींनी त्यानंतर फसवलंही. पण परत आलेलं पार्सल मी आता दारात उभी राहून फाडत नाही. आत नेते, बसते, कात्रीने कापते.

दिवाळीच्या आधी त्या मुलीने व्हिडिओ कॉल केला. नवीन साडी बघायची होती. फोन तिने समोर कशाला तरी टेकवून ठेवला होता, आणि पडद्यावर ती नव्हतीच, म्हातारी होती, चष्मा लावून.

"पदर दावा," ती म्हणाली. मी दाखवला. "आता उलटा करा." केला. "निऱ्या आतनं दावा, उजेडात." मी खिडकीशी गेले. एक, दोन, तीन साड्या तिने नापसंत केल्या. शेवटी एक निळी, बारीक काठाची, मी गाळ्यावर फारशी न नेसलेली, तिने बराच वेळ बघितली. मग मागे वळून सुनेला विचारलं, "तुला कशी वाटती गं?"

सुनेचं उत्तर मला ऐकू आलं नाही. साडी दुसऱ्या दिवशी पाठवली. आठवड्याने 'पोचली' एवढाच निरोप आला.